फ्री थ्रोच्या वेळची एक टाळी



आज जरा वेगळा विषय घेतेय. मी प्राथमिक शिक्षिका. डी.एड. केलं आणि तेव्हापासून वर्गात मराठी नि गणित शिकवते. खेळाचं रीतसर शिक्षण माझ्याकडे नाही. पण शाळेला वेगळा क्रीडाशिक्षक नसला की काय होतं ते आपल्याला माहीत आहेच. स्टाफमध्ये जो वयाने लहान असेल त्याच्या गळ्यात शिट्टी अडकवली जाते. आमच्या शाळेत ती माझ्या गळ्यात आली. मैदानात बास्केटबॉलचे दोन जुने बोर्ड होते, सातवी-आठवीच्या मुली उत्साही होत्या, म्हणून संघ तयार झाला. नियम मी पुस्तकातून आणि मोबाईलवर सामने बघून शिकले. जेवढे सोयीचे वाटले तेवढेच शिकले, हे आता कळतंय.

गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. १४ वर्षांखालील मुलींची जिल्ह्याची शालेय स्पर्धा. उपांत्य सामना. शेवटची काही सेकंद उरली होती आणि गुण २१-२१ असे बरोबरीत. आमच्या एका मुलीकडून फाउल झाला आणि समोरच्या मुलीला दोन फ्री थ्रो मिळाले. पहिला चुकला. दुसरा टाकायला तिने हात वर नेले आणि नेमक्या त्याच क्षणी रिंगजवळ उभ्या असलेल्या आमच्या मुलीने फाडकन टाळी वाजवली. चेंडू रिंगवर आपटून बाहेर आला. आमच्याच मुलीने तो झेपावून पकडला. आमच्या बाजूने एकच जल्लोष.

आणि शिट्टी वाजली. पंचांनी आमच्या मुलीकडे बोट दाखवलं, चेंडू परत मागितला आणि समोरच्या मुलीला आणखी एक फ्री थ्रो दिला. तो आत गेला. आम्ही २२-२१ असे हरलो.

पुढचं सांगायला लाज वाटते, पण सांगते. आमचे पालक पंचांच्या अंगावर धावून गेले. "टाळी वाजवली म्हणून काय झालं? हात थोडाच लावला?" एक जण म्हणाले, "ती मुलगी टाळीमुळे चुकली कशावरून? पहिला थ्रोसुद्धा चुकलाच होता की!" आणि मीसुद्धा त्यांच्या सुरात सूर मिसळला. परतीच्या जीपमध्ये बाकीच्या मुलींनी टाळी वाजवणारीला धारेवर धरलं. "तुझ्यामुळे हरलो." ती बराच वेळ गप्प होती. मग हळूच माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, तुम्हीच तर सांगितलं होतंत."

खरंच सांगितलं होतं. सामन्याच्या आदल्या दिवशी सरावात मी म्हणाले होते, "ती फ्री थ्रो टाकताना काहीतरी आवाज करा, तिचं लक्ष उडालं पाहिजे." मोबाईलवर बघितलेल्या सामन्यांत प्रेक्षक तसंच करत होते. मला वाटलं, हा खेळाचाच भाग आहे. टाळी एका हाताने वाजत नाही म्हणतात. त्या टाळीचा एक हात माझा होता.

नियम काय म्हणतो?

घरी आल्यावर मी फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमांतलं फ्री थ्रोचं कलम पहिल्यांदा नीट वाचलं.

फ्री थ्रोची रेषा बोर्डपासून ४.६० मीटरवर असते, रिंग जमिनीपासून ३.०५ मीटर उंच. पंचांनी चेंडू हातात दिल्यावर खेळाडूला पाच सेकंद मिळतात. शेवटच्या फ्री थ्रोच्या वेळी रंगवलेल्या भागाच्या दोन्ही कडांना जास्तीत जास्त पाच खेळाडू उभे राहू शकतात, तीन बचाव करणाऱ्या संघाचे आणि दोन थ्रो टाकणाऱ्या संघाचे. बाकीच्यांनी मागे, तीन गुणांच्या रेषेच्या पलीकडे थांबायचं. कडेला उभ्या असलेल्यांनी चेंडू टाकणाऱ्याच्या हातातून सुटेपर्यंत जागा सोडायची नाही. आणि आपल्या कुठल्याही कृतीने टाकणाऱ्याचं लक्ष विचलित करायचं नाही.

आता हे मोडलं तर? समोरच्या संघाच्या खेळाडूने लक्ष विचलित केलं आणि तरीही चेंडू आत गेला, तर गुण धरला जातो आणि चूक सोडून दिली जाते. चेंडू आत गेला नाही, तर टाकणाऱ्याला त्याच्या बदली आणखी एक फ्री थ्रो मिळतो. बस, एवढंच. म्हणजे आमच्या सामन्यात तो थ्रो आत गेला असता तर शिट्टी वाजलीच नसती. पंच टाळीच्या क्षणी गप्प राहिले ते टाळी ऐकली नाही म्हणून नव्हे. चेंडूचं काय होतंय ते बघायला ते थांबले होते. आधीच शिट्टी फुंकली असती, तर ती शिट्टीच त्या मुलीला टाळीपेक्षा जास्त विचलित करून गेली असती!

पंच नेमकं काय बघतात?

पुढच्या वर्षी स्पर्धेत तेच पंच भेटले. मी आधी माफी मागितली, मग हाच प्रश्न विचारला. "सर, ती मुलगी खरंच विचलित झाली होती हे तुम्हाला कसं कळलं?"

ते हसले. म्हणाले, "मॅडम, ते मला कधीच कळणार नाही. तिच्या मनात शिरायला मी काय देव आहे? मी तिचं मन बघत नाही, दुसरीचे हात बघतो."

मला हे उत्तर फार महत्त्वाचं वाटतं. आमचे पालक वाद घालत होते तो परिणामावर. ती टाळीमुळे चुकली की तिचा नेमच कच्चा होता? या प्रश्नाचं उत्तर जगात कुणालाच देता येणार नाही, खुद्द त्या मुलीलाही नाही. म्हणून पंच त्या प्रश्नाच्या वाटेलाच जात नाहीत. ते कृती तपासतात. त्यांच्या बोलण्यावरून मला समजलेले मुद्दे असे:

पहिला, कधी केलं? चेंडू टाकणाऱ्याच्या हातात देण्याआधी मुली एकमेकींशी बोलतात, जागा बदलतात, त्यात काही वावगं नाही. चेंडू हातात गेल्यावर गोष्ट बदलते. आणि हात वर जाण्याच्या नेमक्या क्षणी काही झालं, तर संशय आणखी वाढतो.

दुसरा, कुठे केलं? रिंगजवळ उभी असलेली खेळाडू टाकणारीच्या नजरेच्या टप्प्यात असते. तिथे हात हलला तर दिसतोच. मागे दूर कुणी घाम पुसला तर त्याचा संबंध नाही.

तिसरा आणि सगळ्यात अवघड, त्या कृतीला खेळात दुसरं काही कारण होतं का? "तू तिला अडव, मी चेंडू घेते" असं मैत्रिणीला सांगणं हा खेळ आहे. बूट करकरणं, शिंक येणं हा नाइलाज आहे. पण टाळीला काय कारण? चेंडू पकडायला टाळी लागत नाही.

या तिसऱ्या मुद्द्याचं एक छान उदाहरण अमेरिकेतल्या एनबीएच्या नियमांत आहे. तिथे लक्ष विचलित करणाऱ्या कृतींची यादीच दिली आहे. त्यात असं आहे की, ज्या फ्री थ्रोनंतर खेळ पुढे चालू राहणार नाही, म्हणजे दोनपैकी पहिला थ्रो, त्या वेळी कडेला उभं राहून हात वर करणं चूक. असं का? कारण शेवटच्या थ्रोनंतर चेंडू उसळून आला तर तो पकडायचा असतो, तेव्हा हात वर जाणारच. पहिल्या थ्रोनंतर पकडायला काही नसतंच. मग हात कशासाठी वर केले? तीच कृती, पण एकदा तिला कारण आहे आणि एकदा नाही. गणिताच्या तासाला मुलांना सांगावं इतकं स्वच्छ तर्कशास्त्र आहे हे.

आणि हद्द ओलांडली तर नियम कडक होतो. प्रतिस्पर्ध्याला डिवचणं किंवा त्याच्या डोळ्यांजवळ हात नेऊन त्याची नजर अडवणं याला फिबाच्या नियमांत टेक्निकल फाउल आहे. त्याचा एक फ्री थ्रो समोरच्याला मिळतो.

मग प्रेक्षकांचं काय?

इथे आमच्या एका पालकांचा मुद्दा मला मान्य करावा लागतो. ते म्हणाले, "मुलीने एक टाळी वाजवली तर शिट्टी, आणि त्यांच्या बाजूची पन्नास माणसं सामनाभर कोकलत होती ते चालतं?"

खरं आहे. फ्री थ्रोचं हे कलम खेळाडूंसाठी आहे. बाकावर बसलेले प्रशिक्षक आणि राखीव खेळाडू यांच्या वागण्यावर पंच कारवाई करू शकतात. पण गॅलरीत बसून ओरडणाऱ्यामुळे टाकणाऱ्याला बदली थ्रो मिळत नाही. मोठ्या सामन्यांत तर हा सोहळाच असतो. अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठाचे विद्यार्थी बास्केटच्या मागे एक पडदा लावतात. पाहुण्या संघाचा खेळाडू फ्री थ्रो टाकायला लागला की पडदा उघडतो आणि आत काहीतरी विचित्र सोंग दिसतं. २०१६ मध्ये त्या पडद्यामागून चक्क ऑलिंपिकवीर जलतरणपटू मायकेल फेल्प्स पोहण्याच्या चड्डीत बाहेर आला होता! २०२१ च्या एनबीए प्लेऑफमध्ये यानिस अँटेटोकुंपो फ्री थ्रोला वेळ लावतो म्हणून बाहेरगावचे प्रेक्षक त्याच्यासाठी मोठ्याने आकडे मोजायचे. एनबीएत दहा सेकंदांची मर्यादा आहे. त्याच मोसमाच्या शेवटच्या सामन्यात, घरच्या मैदानावर, त्याने १९ पैकी १७ फ्री थ्रो आत टाकले, एकूण ५० गुण केले आणि त्याच्या संघाने विजेतेपद मिळवलं.

हे सगळं बघायला मजा येते. पण ते प्रौढ, कसलेले खेळाडू आहेत. आपल्यापुढे तेरा वर्षांची मुलगी उभी असते. तिच्यासाठी तो कदाचित आयुष्यातला पहिला मोठा सामना असतो. आणि तिच्यावर ओरडणारे कोण? कुणाचे तरी आई-बाबा, कुणाच्या तरी बाई, सर. नियमाने आपल्याला मोकळं सोडलंय म्हणून ते बरोबर ठरत नाही. उलट नियम जिथे थांबतो तिथून आपली जबाबदारी सुरू होते, असं माझं मत आहे.

यावर आमचे एक सहकारी म्हणतात, "मॅडम, मुलांना दबावाची सवय नको का व्हायला? पुढे जगात कोण शांत बसणार आहे?" मुद्दा चुकीचा नाही. पण त्यासाठी सराव आहे. मी आता सरावात मुलींना सांगून, त्यांच्याच मैत्रिणींकडून गोंगाट करून घेते आणि त्या गोंगाटात फ्री थ्रो टाकायला लावते. मुलींना त्यात मजाही येते. तो सराव झाला. अनोळखी मोठ्या माणसाने लहान मुलीची थट्टा करणं हा सराव नव्हे. आणि बरोबरीत गुण असताना रेषेवर उभं राहणं हाच केवढा दबाव आहे! त्यात आपण भर घालायची गरज नाही.

वर्गातला फ्री थ्रो

आता माझ्या मनात सगळ्यात जास्त घोळलेली गोष्ट. या नियमात शिक्षकांसाठी एक मोठा धडा आहे.

आपल्या परिपाठात एखादी मुलगी बातम्या वाचायला उभी राहते. आवाज आधीच कापत असतो. मागून कुणीतरी फिस्सकन हसतं. ती अडखळते, थांबते. आपण काय करतो? हसणाऱ्याला उभं करतो. "कशाला हसलास? अक्कल आहे का? उभा राहा तिकडे." पाच मिनिटं त्याच्यावर जातात. तेवढ्यात घंटा होते. आणि ती मुलगी? ती गुपचूप जागेवर जाऊन बसलेली असते. तिचं वाचन राहिलं ते राहिलंच. दुसऱ्या दिवशी तिला विचारलं तर म्हणते, "बाई, मला नको."

बास्केटबॉलचा नियम याच्या बरोबर उलट वागतो. तो आधी ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडे बघतो. तुझी संधी खराब झाली? ही घे, परत टाक. टाळी वाजवणाऱ्या मुलीला पंचांनी भाषण दिलं नाही, मैदानाबाहेर काढलं नाही, तिच्या नावावर साधा फाउलसुद्धा लागला नाही. तिला जे समजायचं ते परत दिलेल्या एका थ्रोतून समजलं. लबाडीचा फायदा होत नाही, हे सांगायला यापेक्षा सोपी रीत मला तरी माहीत नाही.

आणि चेंडू आत गेला तर चूक सोडून द्यायची, यातही शहाणपण आहे. मुलगी हसण्याकडे दुर्लक्ष करून छान वाचत राहिली, तर मी मध्येच वाचन थांबवून हसणाऱ्याला झापायचं कशाला? तिची जीत तिला मिळू दे. हसणाऱ्याशी नंतर बाजूला घेऊन बोलता येतं.

मी आता वर्गात असंच करते. कुणी वाचताना व्यत्यय आला की पहिलं वाक्य ठरलेलं: "परत पहिल्यापासून वाच, आम्ही ऐकतोय." सुरुवातीला मला स्वतःला आवरावं लागायचं, कारण रागावण्याची सवय जुनी आहे. सगळं एकदम सुधारलं असं म्हणणार नाही. हसणारे अजून हसतात. पण "मला नको" म्हणणारी मुलं कमी झाली आहेत.

माझं म्हणणं

शालेय स्पर्धा भरवणाऱ्यांना, पंचांना आणि आपल्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे.

पंचांनी १४ वर्षांखालच्या सामन्यात पहिल्या फ्री थ्रोआधीच दोन शब्द बोलावेत. "चेंडू हातात गेला की आवाज नाही, हात हलवायचे नाहीत." मोठ्यांच्या सामन्यात याची गरज नसेल, पण आपल्या मुलींपैकी कित्येकींना नियम माहीतच नसतो. आणि शिट्टी वाजवल्यावर त्या मुलीला एका वाक्यात कारण सांगावं. माझ्या मुलीला ते माझ्याकडून कळायला हवं होतं, पण मलाच ठाऊक नव्हतं.

संघ घेऊन जाणाऱ्या शिक्षकांनी निघण्याआधी पालकांना पाच मिनिटं नियम समजावून सांगावेत. अर्धी भांडणं नियम न कळल्यामुळे होतात. आणि मुलांना लबाडी शिकवू नये. हे मी दुसऱ्यांना नाही, आधी स्वतःला सांगतेय. "फक्त लक्ष उडवायचं" हे वाक्य बोलायला किती साधं वाटतं! पण मूल ते मनापासून ऐकतं, जसंच्या तसं करतं आणि मग दोष त्याच्या माथी येतो.

पालकांनी फ्री थ्रोच्या वेळी शांत राहावं. दोन्ही बाजूंच्या मुलींसाठी. थ्रो झाल्यावर हवं तेवढं ओरडा की! पाच सेकंदांचाच तर प्रश्न आहे.

जेम्स नाइस्मिथ यांनी १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड इथे हा खेळ तयार केला, तेव्हा ते स्वतः शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होते. थंडीत आत अडकून कंटाळलेल्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी पीचच्या दोन टोपल्या टांगल्या आणि १३ नियम लिहिले. त्या १३ नियमांत फ्री थ्रो नव्हता. एका संघाने लागोपाठ तीन फाउल केले की समोरच्याला थेट गोल मिळायचा. फ्री थ्रो नंतर आला. मला तो बदल आवडतो. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला आयता गुण द्यायचा नाही, तर स्वतः मिळवायची एक शांत संधी द्यायची. ती संधी शांत ठेवणं हे मग इतरांचं काम.

त्या दिवशी जीपमध्ये मी माझ्या मुलीला लगेच उत्तर दिलं नाही. घाबरले होते. दुसऱ्या दिवशी सरावाला सगळ्या मुलींना गोल करून बसवलं आणि सांगितलं, "टाळी हिने वाजवली, पण चूक माझी. मला नियम माहीत नव्हता आणि मी चुकीचं शिकवलं." एक-दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. बाई चूक कबूल करतात हे त्यांना नवीन असावं. मग टाळी वाजवणारी मुलगी उठली, चेंडू घेऊन रेषेवर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आता सगळ्या गप्प बसा हं."

सगळ्या गप्प बसल्या. तिचा थ्रो चुकला. कुणी हसलं नाही. तिने चेंडू उचलला आणि परत टाकला.

आपल्या शाळेत, आपल्या वर्गात असे प्रसंग येत असतीलच. तुम्ही काय करता, जरूर कळवा. मलाही शिकायचं आहे.